कानाने काढलेले फोटो: लाइव्ह रॉक आणि बेळगावचे रस्ते

गिटार गल्ली (शनिवार, रात्री १०:१०)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आज लिहून टाकतो. मला दोन नाद आहेत. रॉक बँड समोर उभं राहून ऐकायचा, आणि कॅमेरा गळ्यात अडकवून बेळगावात हिंडायचा. भेटेल तो विचारतो, या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध? माझ्या लेखी हे एकच काम आहे. दोन्हीकडे फोटो आधी कानाला कळतो, मग डोळ्याला दिसतो.

नीट सांगतो. ड्रमर एखादा लांब रोल घेतो. तो संपता संपता पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा येते आणि तिथे क्रॅश सिंबलवर, म्हणजे ड्रमच्या मोठ्या झांजेवर, दणका बसतो. गिटारवाला उडी मारणार असेल तर खाली येणार तो तिथेच. लाइटवाला रंग बदलणार तोही तिथेच. म्हणजे फोटो कुठे आहे हे दोन-तीन मात्रा आधी ठरलेलं असतं. पण दणका ऐकल्यावर बटण दाबलंत तर गेलाच हातचा. बघून-ऐकून बोट हलायला माणसाला जवळजवळ पाव सेकंद लागतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे अर्धी मात्रा हुकली. तोवर काठी वर गेलेली असते, केस खाली आलेले असतात, रंग उतरलेला असतो. म्हणून मोजत राहायचं. एक, दोन, तीन, चार, आणि पुढचा 'एक' यायच्या किंचित आधी बोट खाली.

हे मी शिकलो आपल्या विसर्जन मिरवणुकीत. ताशा कडकडतो, एकदम थांबतो, अर्धा श्वास काहीच वाजत नाही, आणि मग सगळे ढोल एका वेळी पडतात. त्या अर्ध्या श्वासात ध्वजवाला ध्वज मागे घेतो. ही जागा कानात बसली की रामलिंगखिंड गल्लीत कितीही रेटारेटी असू दे, ध्वज पूर्ण पसरलेला असतानाच फोटो मिळतो. शिवजयंतीच्या चित्ररथांचंही तसंच. आपल्याकडे वैशाखात तिथीने शिवजयंती होते आणि रात्रभर ट्रॉल्यांवर सजीव देखावे फिरतात. निवेदकाचा आवाज चढत जातो, टिपेला पोचतो, आणि तलवार उगारलेला मावळा तिथे थबकतो. ते थबकणं डोळ्यांनी शोधत बसलात तर ट्रॉली पुढे निघून गेलेली असते. निवेदक ऐका, आपोआप सापडतं.

मोठ्या कॉन्सर्टचं म्हणाल तर आमच्या पिढीची वारी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सला. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन तिथे वाजवून गेले, भारतातला त्यांचा पहिला कार्यक्रम. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका. त्याच्या दोन दिवस आधी गुडगावला त्यांचा कार्यक्रम ठरला होता, तो ऐनवेळी रद्द झाला आणि पहिलेपणाचा मान बंगळूरला मिळाला. अशा मैदानात माझी एक आवडती जागा आहे, ती स्टेजजवळ नाही. प्रेक्षकांच्या मधोमध मिक्सरचा, म्हणजे सगळ्या वाद्यांचा आवाज जुळवायच्या यंत्राचा, मंडप असतो, त्याच्या कठड्याला टेकून उभं राहायचं. आवाज तिथेच सगळ्यात नेटका असतो, कारण तो जुळवणारा माणूसच तिथे बसलेला असतो. त्याचे हात बघा. सोलो सुरू व्हायच्या एक मात्रा आधी त्याचं मधलं बोट गिटारच्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर) जाऊन थांबतं, आणि पहिला सूर निघतो तेव्हा फेडर अर्धा सेंटिमीटर वर सरकलेला असतो. शेजारी लाइटवाला मान हलवत मोजतोय. तोही ओठांत एक-दोन-तीन-चार म्हणतोय. स्टेजवरचे चार आणि इथले दोन, असा तो सहा जणांचा बँड आहे.

तिथून परत आल्यावर रविवार पेठेत गेलो की तेच दिसतं. ब्याडगी मिरचीची पोती उतरत असतात. ट्रकवरचा पोतं फाळक्याच्या कडेला आणतो, खालचा डोक्यावरचं फडकं सारखं करून पाठ वाकवतो. वरचा 'हं' म्हणतो. पोतं पाठीवर पडतं, गुडघे वीतभर खाली जातात, आणि लाल धूळ उडते. सकाळी दोन दुकानांच्या फटीतून ऊन तिरपं येतं तेव्हा ती धूळ दोनेक सेकंद हवेत दिसते. 'हं' ऐकू आला की दाबायचं. मला या फोटोचं कॉन्सर्टच्या फोटोइतकंच अप्रूप आहे.

तर आपापल्या जागा सांगा, आपापले आवाज सांगा. बँड ऐकणारेही या, नुसते हिंडणारेही या.

अनगोळकर (शनिवार, रात्री १०:५५)

लै भारी लिहिलंस दादा. ताशाच्या थांबण्याचं अगदी खरं आहे, मी पथकात आहे म्हणून सांगतो. आम्ही त्या जागेला आपसात इशारा करतो, बाहेरच्याला तो दिसत नाही.

पण एक शंका आहे. बंगळूरला मी मोठा कॉन्सर्ट ऐकला, आवाज डॉल्बीपेक्षा कमी नव्हता, तरी प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येत होतं. आपल्या गल्लीत डॉल्बी लागला की नुसता गदारोळ होतो, शब्द कळत नाही, छातीत धडधडतं. यंत्रं तर बरीच तशीच दिसतात. मग फरक कशाचा?

खानापुरी साउंड (शनिवार, रात्री ११:३०)

याचं उत्तर माझ्याकडे आहे, हेच काम करतो मी. लग्न, जत्रा, कॉलेजचे फेस्ट, सगळीकडे स्पीकर लावतो.

पहिला फरक भिंतींचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ५० हर्ट्झचा जो खालचा बास, त्याची एक लाट जवळपास ७ मीटर लांब भरते. आता आपल्या जुन्या गल्ल्या किती रुंद आहेत बघा, बऱ्याचशा तेवढ्याच. समोरासमोर दोन भिंती आणि लाट नेमकी त्या मापाची, मग ती आत घुमत राहते. पुढच्या वेळी करून बघा: भिंतीला पाठ लावून उभे राहा, बास अंगावर येतो. तिथून दोन पावलं पुढे या, एकदम पातळ होतो. गाणं तेच, स्पीकर तेच, दोन पावलांत इतका फरक. असल्या जागेत गायकाचा शब्द कुठून कळणार? एक शब्द भिंतींमध्ये घुमत असतो तोवर पुढचा निघालेला असतो.

दुसरा फरक लावण्याचा. मोठ्या कॉन्सर्टला केळफुलासारखे वाकवून टांगलेले स्पीकर दिसतात ना, ती 'लाइन ॲरे', म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या पेट्यांची रांग. प्रत्येक पेटीचा कोन ठरवलेला असतो, वरच्या पेट्या लांबच्या लोकांकडे, खालच्या जवळच्यांकडे. शेजारच्या इमारतीकडे कमीत कमी आवाज जावा असं गणित असतं. शिवाय मैदानात मागे वेगळे खांब उभे करून त्यावर स्पीकर लावतात. १०० मीटर मागच्या माणसाला स्टेजचा आवाज साधारण ०.३ सेकंद उशिरा पोचतो. म्हणून खांबावरच्या स्पीकरला मुद्दाम तेवढाच उशीर लावायचा, म्हणजे दोन्ही आवाज एकत्र येतात. ते नाही लावलं तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. गल्लीत ट्रॅक्टरवर पेट्या रचल्या की हे काहीच करता येत नाही, त्यात गाडी चालती.

तिसरं, आणि मला हेच जास्त लागतं. लोक म्हणतात 'वाढव की अजून'. आमच्या धंद्यात चांगला माणूस तो, जो वाढवायच्या आधी काय कमी करायचं ते बघतो. गायकाचा आवाज ऐकू येत नसेल तर मी आधी गिटारच्या आवाजातला मधल्या सुरांचा भाग थोडा खाली घेतो, गायक आपोआप वर येतो.

नियमाचंही सांगतो, म्हणजे गैरसमज नको. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं.

टिळकवाडी काका (रविवार, सकाळी ७:२०)

मुलांनो, रॉक हा माझा प्रांत नव्हे. माझं ऐकणं शास्त्रीय संगीताचं. तरी हे सगळं आवडीने वाचलं आणि दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

आपण राहतो तो भाग ऐकणाऱ्यांचा आहे. कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, आपल्या सुळेभावीचा. त्याच वर्षी डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, ज्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर आजही आपण येता-जाता बघतो. त्या अधिवेशनात स्वागतगीत गायला गंगूबाई हनगल होत्या. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, गदगला भीमसेन जोशी. शंभर-दीडशे किलोमीटरच्या टापूत इतके गळे निपजले ते इथे ऐकणारे कान होते म्हणूनच, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या त्या मिक्सरवाल्याच्या बोटांकडे बघणाऱ्या मुलाला मी त्याच परंपरेतला मानतो.

दुसरी गोष्ट जरा विरोधाची. कॅमेरा कशाला मधे? समेची वाट बघताना माणूस पूर्ण त्या स्वरात बुडालेला असतो. फोटोसाठी मोजत बसलं की अर्धं लक्ष बोटात जातं. आमच्या मैफलीत कोणी कॅमेऱ्याचा आवाज केला तर मी उठून दुसरीकडे बसतो.

गिटार गल्ली (रविवार, सकाळी ८:०५)

काका, नमस्कार. तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. समेची वाट बघणं, हाच शब्द मला हवा होता. ड्रमचा रोल संपून क्रॅश पडतो तेव्हा पंधरा-वीस हजार लोक एकाच वेळी मान टाकतात. ती सम आहे.

कॅमेऱ्याबद्दल माझं म्हणणं मांडतो, पटलं नाही तर सांगा. मी मोजतो ते फोटोसाठी असलं तरी मोजल्यामुळे ऐकणं वाढलं. आधी मी फक्त गायक आणि गिटार ऐकायचो. मोजायला लागल्यावर बास गिटार ऐकू यायला लागली, कारण ताल ती धरते. मग कळलं की काही बँड चारच्या ऐवजी सातात वाजवतात, आणि माझी बोटं तिथे चुकीच्या जागी पडत होती म्हणून ते लक्षात आलं. सात मात्रांचा रूपक ताल ऐकणाऱ्याला मी सातचं काय सांगणार!

पण एक पथ्य मीही पाळतो. पहिल्या काही गाण्यांत फोटो, मग कॅमेरा बॅगेत. मोठ्या कार्यक्रमांत प्रेसच्या फोटोग्राफरांनाही बहुतेक ठिकाणी पहिली तीनच गाणी मिळतात आणि फ्लॅश चालत नाही. तो दंडक मला मनापासून पटतो. उरलेला वेळ ऐकायचा. आणि शास्त्रीय मैफलीत मी कॅमेरा नेतच नाही, तिथे शटरचा आवाज हा गुन्हाच.

खासबागची लेक (रविवार, दुपारी १२:४०)

कानाने फोटो काढायचा हे वाचलं आणि थेट आमच्या घरामागचा मागाचा खोपटा आठवला. खासबाग, वडगाव, शहापूर इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको, माग चालू नसेल तर आम्हाला झोप येत नाही.

पॉवरलूमचा ठेका कसा असतो ते सांगते. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन पळणारा तुकडा, एका बाजूने सुटतो, दुसऱ्या बाजूला पेटीत जाऊन थडकतो, मग फणी पुढे येऊन धागा ठोकते. खट, खट-धाड. खट, खट-धाड. मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या. आता एका खोलीत दोन माग लावलेत, दोन्हीचे पट्टे थोडे कमी-जास्त ताणलेले, म्हणून एक माग दुसऱ्यापेक्षा केसभर पुढे पळतो. सुरुवातीला दोन्ही एकत्र वाजतात. मग हळूहळू फाटतात, मधेच एकमेकांच्या बरोबर उलट जातात, खोलीभर दुप्पट वेगाचा आवाज भरतो. काही वेळाने पुन्हा जुळतात. जुळतात तेव्हा पायाखालची फरशी हलते. माझा भाऊ ड्रम शिकतोय, तो तिथे खुर्ची टाकून बसतो आणि मांडीवर काठ्या वाजवत दोन्ही माग वेगवेगळ्या हातांत धरायचा प्रयत्न करतो. डाव्या हातात एक, उजव्यात दुसरा. त्याच्या बँडची मुलं हे बघायला येतात.

आता फोटोचं. धोटा डोळ्याला दिसतच नाही, नुसती रेघ. मी मोबाइलवर काढते, कॅमेरा नाही माझ्याकडे. दादांनी सांगितल्यासारखं आज ठेका मोजून काढला. धोटा पेटीत थडकतो तिथे तो क्षणभर थांबतो ना, तो मिळाला! टोकाचं पितळ चकाकतंय, आणि मागे आईचा हात तुटलेल्या धाग्याची गाठ मारतोय. मागवाल्या बायका गाठ एका हाताच्या दोन बोटांत मारतात, माग थांबवून परत चालू करायला फार वेळ घालवत नाहीत. ते बघायला कोणी कॅमेरा घेऊन येत नाही. साडी झाली की तिचे फोटो काढायला येतात.

एक विचारायचं होतं. कॉन्सर्टला बायकांनी जावं का? घरी प्रश्न हाच असतो.

निपाणी एक्सप्रेस (रविवार, दुपारी २:१५)

अक्का, जावंच. मी आणि माझी बायको दोघंही जातो, बेळगावच्या मैत्रिणीही असतात. तिच्याकडून घेतलेले मुद्दे लिहितो.

उभं राहायच्या कार्यक्रमात अगदी पुढे मधोमध जाऊ नका, तिथे रेटा सगळ्यात जास्त. कडेला, बॅरिकेडजवळ किंवा मागे मिक्सरच्या मंडपाशी उभं राहायचं. हेवी मेटलच्या कार्यक्रमात मधे एक रिंगण करून पोरं एकमेकांवर आदळतात, त्याला मॉश पिट म्हणतात. लांबून भीती वाटते, पण त्यात एक रीत जगभर पाळली जाते: कोणी पडलं की आजूबाजूचे थांबतात आणि आधी त्याला उचलतात. बसून बघायच्या जागा स्टेडियममध्ये असतात, उदाहरणार्थ नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. डिसेंबर २०१९ मध्ये यूटू तिथेच झाले, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले. पहिल्यांदा जाणाऱ्याने तसलं तिकीट काढावं.

जायचं कसं: बंगळूरला राणी चन्नम्मा एक्सप्रेस, संध्याकाळी बसलं की सकाळी तिथे. आम्ही निपाणीवाले हायवेवरून बसनेच जातो. पुणं आम्हाला बंगळूरपेक्षा कितीतरी जवळ, तिथे २०१० पासून वीकेंडर नावाचा मोठा महोत्सव सुरू झाला आणि स्वतःची गाणी करणारे भारतीय बँड आम्ही तिथेच ऐकले. इंडियन ओशन, थर्मल अँड अ क्वार्टर, स्वरात्मा. माझा आग्रह आहे, परदेशी बँडच्या एका तिकिटाच्या पैशात असे तीन-चार कार्यक्रम होतात, आणि कलाकार हातभर अंतरावर. आमच्या आधीच्या पिढीची मुंबईची मंडळी रंगभवनबद्दल बोलतात, तिथे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक व्हायचं. आता तिथे तसे कार्यक्रम होत नाहीत. ज्यांनी ते ऐकलंय त्यांना मी तासन्‌तास बोलतं करतो.

आणि कान सांभाळा! ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. रॉक कार्यक्रम त्याच्या वरच असतो, दोन तास. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजली तर ती कानाची तक्रार आहे. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, अगदी स्वस्त. ते वरचे सूर जास्त कापतात म्हणून गाणं जरा बोथट वाटतं. वादकांसाठीचे वेगळे मिळतात, ते सगळे सूर सारखे खाली आणतात. मी तेच वापरतो. गाणं अधिक स्पष्ट ऐकू येतं, खरंच सांगतो. मिरवणुकीतही घाला, लहान मुलांना तर नक्कीच.

अनगोळकर (रविवार, दुपारी ३:००)

पथकात आता आम्ही सगळ्यांना बोळे सक्तीचे केलेत. ताशावाल्याच्या कानापासून ताशा किती लांब असतो, विचार करा. सुरुवातीला पोरं ऐकायची नाहीत, आता मागून घेतात.

तिसरं गेट (रविवार, संध्याकाळी ६:३०)

मी नवीन. टिळकवाडीत रेल्वे गेटाजवळ राहतो. फाटक पडायच्या आधी घंटा सुरू होते, ती सुरू झाली की दोन्ही बाजूंचे स्कूटरवाले काय करतात याचा माझा अख्खा एक अल्बम आहे. घंटेच्या पहिल्या काही ठोक्यांत घुसणारे, मग थबकणारे, मग इंजिन बंद करून एक पाय खाली टेकवणारे. गाडी यायच्या आधी रुळांतून एक बारीक झिणझिण येते, तेव्हा सगळे एकाच दिशेला मान वळवतात. मालगाडी असेल तर मान परत सरळ. पॅसेंजर असेल तर लहान पोरं हात हलवतात आणि गाडीतले ओळख नसलेले लोकही हलवतात. माझ्याकडे त्या हलणाऱ्या हातांचे फोटो सगळ्यात जास्त आहेत.

अडचण अशी. मंडपात किंवा कॉलेजच्या फेस्टमध्ये काढलेल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडला का? शिवाय लाल लाइटमध्ये गायकाचा चेहरा नुसता लाल गोळा होतो, नाकडोळे दिसत नाहीत.

गिटार गल्ली (रविवार, रात्री ९:२०)

कॅमेरा ठणठणीत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही. कॅमेऱ्याचा शटर त्याहून जलद ठेवला की फ्रेमचा काही भाग उजेडात आणि काही अंधारात टिपला जातो, तेच पट्टे. मंडपात शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेव, पट्टे जातील. मग हलणारा माणूस पुसट येतो, त्याला उपाय तोच, तो थांबतो ती जागा ऐकून पकडायची. स्टेजवरच्या एलईडीचं मिणमिणणं वेगवेगळं असतं, तिथे एकेक शटर बदलून बघावं लागतं. काही कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकरची सोय असते, ती चालू कर.

लालचं कारण वेगळं. एलईडीचा शुद्ध लाल कॅमेऱ्याच्या फक्त लाल पेशी भरून टाकतो, हिरव्या-निळ्यांना काहीच मिळत नाही. म्हणून बारकावे जातात. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) एक-दीड स्टॉप, म्हणजे एक-दीड पायरी, कमी कर, फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने न बदललेल्या मूळ फाइलमध्ये) काढ, आणि नंतर कृष्णधवल करून बघ, चेहरा परत येतो. सगळ्यात चांगलं म्हणजे लाल असताना थांबायचं. लाइटवाला गाण्याच्या कडव्याला एक रंग आणि धृपदाला दुसरा ठेवतो. एक कडवं नीट ऐकलंस तर पांढरा कधी येणार ते कळेल. माझं नेहमीचं सामान ५० एमएम, एफ १.८ ची लेन्स, आयएसओ ३२०० च्या आसपास, शटर १/२५०. ही लेन्स सगळ्यात परवडणारी आणि गल्लीतही तीच चालते. मोठ्या कार्यक्रमांत लेन्स निघणारा कॅमेरा गेटवरच अडवतात, तिकिटावर आधी वाचून घ्यायचं. छोट्या जागी विचारलं की सोडतात.

तुझा गेटचा अल्बम इथे टाकच. आणि ताई, आईच्या हाताचा फोटो मला फार बघायचाय.

काका, तुमच्या त्या विरोधावर मी दिवसभर विचार केला. एक कल्पना सुचली. तुम्ही एकदा माझ्याबरोबर कॅमेरा न घेता रविवार पेठेत याल का? मीही घेणार नाही. तुम्ही जिथे सम ऐकाल तिथे मला सांगा.

टिळकवाडी काका (रविवार, रात्री ९:५०)

येतो की. सकाळी सहा-साडेसहाला बरं पडेल, नंतर वाहनं वाढतात. पण रविवार नको, पुढचा शनिवार ठेवा, बाजार त्या दिवशी गजबजलेला असतो.

खासबागची लेक (रविवार, रात्री १०:०५)

मीपण येते, भावाला घेऊन. नंतर आमच्या मागावर या सगळे, दोन माग जुळताना ऐकवते. फोटो टाकते उद्या, आईला आधी दाखवते. तिने हो म्हटलं तर.

गिटार गल्ली (रविवार, रात्री १०:२०)

आईला विचारूनच टाक, बरोबर आहे. हेच सगळ्यांना सांगायचं होतं: बाजारात, मागावर, कुठेही, माणसाला विचारून काढायचा आणि काढलेला त्याला दाखवायचा. कॅम्प भागात लष्करी हद्दीच्या पाट्या बघून चाला, तिथे कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

शनिवारी सकाळी सव्वासहाला शनिवार खुटावर जमू. तिथून चालत रविवार पेठ, मग नाश्ता, मग खासबाग. काकांबरोबरचा पहिला तास कोणीच कॅमेरा काढायचा नाही, त्यानंतर ज्याची त्याची मर्जी.

तिसरं गेट (रविवार, रात्री १०:३५)

पाऊस असला तर?

खानापुरी साउंड (रविवार, रात्री १०:४१)

बेळगावचा पाऊस, असणारच. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घाल, लेन्सपुरतं भोक पाड, रबर लाव. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाक. घरी आल्यावर लगेच पंख्याखाली बॅग उघडून ठेव, बुरशी धरली की लेन्स गेली. मी माझी मिक्सरची पेटी पण अशीच वाचवतो. येताना माझ्याकडच्या जादा पुड्या आणतो, ज्याला पाहिजेत त्याने सांगा.